‘तात्पुरतं’ म्हणून उठवलेल्या बिकिनीच्या माणसांसाठी अमेरिकी काँग्रेसला खुलं पत्र

प्रति,
सिनेट व प्रतिनिधीगृहाचे सन्माननीय सदस्य,
अमेरिकेची काँग्रेस, वॉशिंग्टन

सन्माननीय सदस्यहो,

मी कोकणातला, दाभोळच्या खाडीकाठचा. एकतीस वर्षं व्यापारी जहाजांवर नोकरी केली, त्यातली शेवटची चौदा बोसन म्हणून. आमच्या आजोबांच्या पिढीत याच कामाला सारंग म्हणत. डेकवरची माणसं, दोर, नांगर आणि रंग ही सगळी बोसनची जबाबदारी.

जहाजाच्या पाठीवर, सुकाणूच्या वरच्या बाजूला, जहाजाचं नाव असतं आणि त्याखाली नोंदणीच्या बंदराचं नाव. अक्षरं पोलादावर वेल्डिंगने उठवलेली असतात आणि खाऱ्या हवेत ती झपाट्याने काळवंडतात. मग दोन दोर बांधून फळी खाली सोडायची, कमरेला पट्टा आवळायचा आणि पाण्यावर लोंबकळत एकेक अक्षर पांढऱ्या रंगाने गिरवायचं. पोरांना हे काम सांगण्याआधी मी स्वतः करून दाखवत असे. माझ्या नोकरीतल्या बहुतेक जहाजांवर ते नाव एकच होतं: माजुरो. रोमन लिपीतली सहा अक्षरं. त्यातल्या ‘जे’च्या वाकड्या शेपटीत पाणी साचायचं आणि तिथून गंजाचा ओघळ खाली उतरायचा. तो खरवडायचा, लाल प्रायमर लावायचा, वाळला की पांढरा हात द्यायचा. किती वेळा केलं असेल, मोजलेलं नाही.

माजुरो ही प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांची राजधानी. जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज-नोंदणींपैकी एक या छोट्या देशाच्या नावाने चालते, तिचं कामकाज मात्र तुमच्या व्हर्जिनिया राज्यातून होतं. त्या नावाखाली मिळालेल्या पगारावर माझं घर उभं राहिलं, दोन मुली शिकल्या. कोकणपट्टीतल्या शेकडो घरांची हीच गोष्ट आहे. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यासाठी बोलायचं असतं, असं आमच्या घरी शिकवलेलं. हे पत्र मी मराठीत लिहितो आहे, कारण माझ्यासारख्यांनी ते वाचावं आणि माझ्या मागण्यांना साक्षीदार असावेत अशी माझी इच्छा आहे. त्याचं भाषांतर करून घेणं तुम्हाला अवघड नाही.

लिहायला बसलो त्याचं कारण जुलै २०२५ मधला तुमचा कायदा. अणुचाचण्यांच्या किरणोत्सर्गाने आजारी पडलेल्या तुमच्या नागरिकांना भरपाई देणारा जुना कायदा २०२४ साली मुदत संपून बंद पडला होता. तो तुम्ही पुन्हा सुरू केलात, वाढवलात. न्यू मेक्सिकोतल्या ज्या लोकांना १९४५ पासून कोणी विचारलं नव्हतं त्यांना त्यात घेतलंत. चांगलं केलंत. त्या लोकांचा लढा खरा होता आणि त्यांना मिळालं याचा मला आनंद आहे. पण त्या यादीवरून मी बोट फिरवत गेलो आणि मार्शल बेटं कुठेच सापडली नाहीत. चाचण्यांच्या काळात त्या बेटांवर झेंडा तुमचा होता आणि कारभार तुमचा होता. तुमच्या स्वतःच्या भूमीवर फोडलेल्या कुठल्याही बॉम्बपेक्षा कितीतरी मोठे बॉम्ब तुम्ही तिथे फोडलेत. हे गप्प बसून सोसण्यासारखं मला वाटत नाही.

माझ्या वाचकांसाठी आधी जागा सांगतो. बिकिनी म्हटलं की आमच्याकडे फक्त पोहण्याचा पोशाख डोळ्यांसमोर येतो. जुलै १९४६ मध्ये तिथे पहिला बॉम्ब पडला आणि चार दिवसांनी पॅरिसमध्ये एका कपड्याला ते नाव दिलं गेलं. तेव्हापासून गावाचं नाव गावाकडे राहिलेलंच नाही. बिकिनी हे मार्शल बेटांमधलं एक कंकणाकृती प्रवाळद्वीप आहे. शाळेच्या भूगोलात हा शब्द आपण सगळ्यांनी पाठ केलेला असतो. समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी लाखो वर्षांत हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेने पोवळ्याचे जीव वर वर बांधत राहतात, डोंगर बुडतो आणि कडं उरतं. डार्विनने मांडलेली ही कल्पना खरी ठरली तीही याच बेटांवर. बिकिनीच्या शेजारच्या एनेवेटाकवर १९५२ साली छिद्रं पाडली तेव्हा बाराशे मीटरपेक्षा जास्त पोवळ्याचा थर ओलांडल्यावर खाली ज्वालामुखीचा काळा दगड लागला. आपलं लक्षद्वीप याच जातीचं.

बिकिनीचं कडं म्हणजे तेवीस छोटी बेटं. आतलं निळं सरोवर सुमारे सहाशे चौरस किलोमीटरचं, म्हणजे बृहन्मुंबई जवळजवळ मावेल एवढं. आणि जमीन? सगळी बेटं मिळून दहा चौरस किलोमीटरही नाही. समुद्रापासून उंची दोन-तीन मीटर. अशा ठिकाणी माणसं शतकानुशतकं राहिली, कारण सरोवर हेच त्यांचं शेत होतं. नारळ, विलायती फणसासारखं ब्रेडफ्रूट, आरारूट आणि आपल्या केवड्याचा भाऊबंद असलेलं एक झाड, ज्याची फळं ते खातात आणि पात्यांच्या चटया विणतात. जमीन आईकडून मुलांकडे जाते. एकेका घराची पट्टी सरोवराच्या काठापासून बाहेरच्या समुद्रापर्यंत आडवी पसरलेली, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही पाणी मिळायचं.

आणि त्यांचं दर्यावर्दीपण! नारळाच्या पात्याचे हीर एकमेकांना बांधून ते नकाशे करत. आपण ज्यांचे खराटे बांधतो तेच हीर. वाकवलेला हीर म्हणजे बेटावर आपटून वळलेली लाट, कवडी किंवा शिंपला म्हणजे बेट. हा नकाशा ते होडीत नेत नसत, किनाऱ्यावरच डोक्यात साठवत आणि समुद्रात अंगाने लाटा ओळखत. मी रडार आणि जीपीएसच्या काळातला माणूस. पण काळोख्या रात्री डेकवर पाठ टेकली की एका बाजूने येणारी लांब लाट आणि तिला छेद देणारी दुसरी, हे पाठीला कळतं. त्यावरच एक पूर्ण विद्या उभी करणाऱ्या माणसांपुढे माझी मान आपोआप झुकते. बिकिनीशेजारच्या रोंगेलापला ही विद्या शिकवली जायची. १९५४ नंतर ती परंपरा तुटली.

२०११ साली आमचं टँकर डिझेल घेऊन माजुरोला गेलं. इतकी वर्षं जे नाव रंगवलं ते गाव पहिल्यांदा पाहिलं. कॅलालिनच्या खिंडीतून पायलटने जहाज आत घेतलं आणि बाहेरच्या उसळत्या समुद्रातून एकदम शांत हिरव्या पाण्यात आलो. पंपाचा एक भाग बिघडला होता, तो विमानाने येईपर्यंत अकरा दिवस सरोवरात नांगरावर थांबलो. एजंटाची लाँच रोज यायची. लाँचवाला माझ्याच वयाचा, मोडकं इंग्रजी, माझंही तसंच, त्यामुळे चांगलं जमलं. एक दिवस त्याने नारळ आणले. कोयतीने तीन घाव घालून शहाळं उघडण्याची त्याची पद्धत हुबेहूब आमच्याकडची. मी तोंडाला लावणार तेवढ्यात तो म्हणाला, ‘हा माजुरोचा आहे, पी, काही होत नाही.’ मला कळेना, नारळाने काय व्हायचं?

मग त्याने हात करून समोरचं एक लहान बेट दाखवलं. एजिट त्याचं नाव, माजुरोच्याच कड्यावरचं. तिथे बिकिनीची माणसं राहतात. तो त्यांतलाच. बिकिनी तिथून आठशे किलोमीटर लांब. त्याची आजी तिथे जन्मली होती. १९४६ साली तिला उठवलं, १९७२ नंतर ती परत गेली, १९७८ साली पुन्हा उठवलं. परत गेली तेव्हा तिने आपल्या जुन्या पट्टीत नव्याने लावलेल्या माडांचे नारळ खाल्ले होते. मग डॉक्टर आले, लोकांना यंत्रापुढे बसवून मोजलं आणि सांगितलं की तुमच्या अंगात विष साचलंय. ‘आजी म्हणायची, मी माझ्या घरचा नारळ खाल्ला, एवढंच केलं.’ त्याने हे सांगितलं आणि दुसरं शहाळं फोडायला घेतलं. त्याच्या लाँचच्या काचेवर आतून एक छोटा कागदी झेंडा चिकटवला होता. तुमच्या झेंड्यासारखाच, पट्टे आणि तारे. तेवीस पांढरे तारे बिकिनीच्या तेवीस बेटांचे. तीन काळे तारे, तुमच्या बॉम्बने नाहीशा झालेल्या तीन बेटांचे. आणि कोपऱ्यात आणखी दोन काळे, आता जिथे राहावं लागतं त्या किली आणि एजिटचे. खाली मार्शली भाषेत लिहिलेलं: सगळं देवाच्या हातात आहे.

हे वाक्य कुठून आलं ते तुमच्या दप्तरात आहे. फेब्रुवारी १९४६ मधला एक रविवार. प्रार्थना आटोपून बाहेर आलेल्या लोकांसमोर तुमचे कमोडोर बेन वायट उभे राहिले आणि मानवजातीच्या भल्यासाठी, सगळी युद्धं संपवण्यासाठी तुम्ही हे बेट तात्पुरतं सोडाल का, असं त्यांनी विचारलं. प्रमुख जुदा यांनी आपल्या माणसांशी बोलून जे उत्तर दिलं ते हेच. पुढे कॅमेऱ्यासाठी तो प्रसंग तुमच्या नौदलाने पुन्हा पुन्हा करवून घेतला. ७ मार्च १९४६ रोजी १६७ माणसं जहाजात बसली. त्याला आता ऐंशी वर्षं होत आली. ‘तात्पुरतं’ या शब्दाची मुदत किती, एवढाच माझा पहिला प्रश्न आहे.

आमच्याकडे अशा माणसांना प्रकल्पग्रस्त म्हणतात. कोयनेच्या धरणासाठी उठलेल्यांची नातवंडं अजून सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत आहेत, त्यामुळे या शब्दाचं वजन मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण निदान त्यांच्या गावाची माती विषारी झालेली नाही.

आता माझ्या तक्रारी. क्रमाने सांगतो, पण सगळ्या सारख्या लांबीच्या नाहीत, कारण सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली, पुनर्वसनाची. तुम्ही त्या १६७ जणांना रोंगेरिकवर नेऊन सोडलंत. तिथे पाणी कमी, मासे कमी, जमीन तर फारच कमी. दोन वर्षांत ते उपासमारीला आले. मग क्वाजालिनच्या धावपट्टीशेजारी तंबूत ठेवलंत आणि १९४८ च्या नोव्हेंबरात किलीवर. किली म्हणजे एकटं बेट, एक चौरस किलोमीटरही नाही, आणि त्याला सरोवर नाही. ज्यांचं आयुष्य सरोवरातल्या मासेमारीवर आणि होड्यांवर गेलं त्यांना उघड्या समुद्राच्या मधोमध ठेवलं. हिवाळ्यात व्यापारी वारे जोरात असले की तिथे होडी लागत नाही. कोकणात पावसाळ्यात बंदर बंद असतं, पण नारळी पौर्णिमेला आम्ही समुद्राला नारळ वाहतो आणि होड्या सुटतात. किलीवर महिनोन् महिने वाट बघावी लागे, जहाज माल न उतरवता परत जाई, कधी विमानातून अन्न टाकावं लागे. ज्याने कधी होडी चालवली आहे असा एक जरी माणूस त्या निर्णयात असता, तरी त्याने हे बेट निवडू दिलं नसतं.

दुसरी तक्रार १ मार्च १९५४ ची. बिकिनीत तुम्ही एकूण तेवीस स्फोट केलेत, मार्शल बेटांवर सदुसष्ट. पण त्या पहाटेच्या ‘ब्राव्हो’एवढा मोठा स्फोट तुमच्या देशाने त्याआधी केला नव्हता, नंतरही नाही. सहा मेगाटनच्या आसपास अपेक्षा होती, निघाले पंधरा. हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. पोवळ्याच्या कड्यात जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला आणि ते चुरलेलं पोवळं पांढरी राख होऊन वाऱ्याबरोबर पूर्वेला गेलं. वारा फिरतो आहे असे अहवाल आदल्या रात्री तुमच्या अधिकाऱ्यांच्या हातात होते. मी आयुष्यभर वाऱ्याकडे बघून काम केलं. टाकी साफ करताना गॅस कुठे जाईल हे ठरल्याशिवाय साधं झाकण उघडायची आम्हाला परवानगी नसते. आणि इथे? १९४६ च्या, कितीतरी लहान बॉम्बच्या वेळी तुम्ही रोंगेलापच्या लोकांना खबरदारी म्हणून दुसरीकडे हलवलं होतं. त्याच्या सहाशेपटींहून मोठ्या बॉम्बच्या वेळी हलवलं नाही. पांढरी राख पडली, मुलं तिच्यात खेळली, पिण्याच्या पाण्यात ती मिसळली. दोन दिवस उलटून गेल्यावर त्यांना बाहेर काढलं. केस गळत होते, कातडी भाजली होती. १९५७ साली सुरक्षित आहे म्हणून परत पाठवलंत आणि त्यांच्या अंगात काय साचतं याच्या नोंदी वर्षानुवर्षं घेत राहिलात. शेवटी १९८५ साली ते स्वतःच बेट सोडून गेले, आणि त्यांना नेणारं जहाज तुमचं नव्हतं, ग्रीनपीसचं होतं.

त्याच राखेत जपानी मासेमारी बोट ‘दायगो फुकुर्यू मारू’ सापडली. तेवीस खलाशी. तुम्ही जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होते ते. त्यांचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरात गेले. समुद्रावर काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला ही बातमी परक्याची वाटत नाही. त्या प्रकरणी तुम्ही जपानला वर्षभराच्या आत वीस लाख डॉलर दिलेत.

तिसरी तक्रार तुमच्या शब्दाची. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वतीने ही बेटं विश्वस्त म्हणून तुमच्याकडे सोपवली गेली. त्या करारात रहिवाशांच्या जमिनीचं आणि आरोग्याचं रक्षण करण्याची लेखी जबाबदारी तुम्ही घेतली होती. एप्रिल १९५४ मध्ये मार्शलच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांना अर्ज पाठवला. जमीन म्हणजे आमच्यासाठी फक्त पिकाची किंवा घराची जागा नाही, ती घेतली की आमचा प्राणच जातो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. चाचण्या थांबवा, नाहीतर निदान खबरदारी घ्या, एवढीच मागणी. स्फोट १९५८ पर्यंत चालू राहिले. त्याच एप्रिलच्या २ तारखेला आमच्या लोकसभेत पंतप्रधान नेहरूंनी अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली होती, ही आठवण मला अभिमानाची वाटते. आणि हेही मला लपवायचं नाही की पुढे आम्हीही पोखरणला स्फोट केले, आणि याच मार्शल बेटांनी २०१४ साली अण्वस्त्रं कमी करण्याच्या प्रश्नावर भारतालाही हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. २०१६ मध्ये न्यायालयाने ते प्रकरण चालवायला नकार दिला. पण एवढासा देश आमच्या दारातही उभा राहिला, म्हणून माझ्या मनातला त्याचा मान वाढलाच.

चौथी तक्रार त्या नारळाची. १९६८ साली तुमचे अध्यक्ष जॉन्सन यांनी बिकिनीच्या लोकांना परत जाता येईल असं जाहीर केलं. माड लावले, घरं बांधली, काही कुटुंबं गेली. चूक कुठे झाली हे कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला एका मिनिटात कळेल. माडाला पोटॅश लागतं, भरपूर लागतं. आम्ही दरवर्षी आळ्यात घालतो. पोवळ्याच्या वाळूत पोटॅश जवळजवळ नसतंच. स्फोटातून जमिनीत मिसळलेलं किरणोत्सर्गी सिझियम रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमचं जवळचं नातेवाईक. भुकेलं मूळ ते पोटॅशियम समजून ओढून घेतं आणि नारळाच्या पाण्यात, खोबऱ्यात आणून ठेवतं. लोक ते खात राहिले, अंगातलं सिझियम वाढत गेलं आणि १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बाहेर काढावं लागलं. तुमच्याच शास्त्रज्ञांनी नंतर तिथे प्रयोग करून दाखवलं की पोटॅशचं खत घातलं तर माडात जाणारं सिझियम खूप घटतं. उपाय तुमच्या हातात होता, आहे. आजही बिकिनीवर चार दिवस फिरून येणाऱ्याला, बुडालेली लढाऊ जहाजं बघायला पाण्यात उतरणाऱ्याला फारसा धोका नाही. धोका आहे तो तिथे घर करून, तिथलं पीक रोज खाऊन राहणाऱ्याला. म्हणजे पाहुण्याला बेट खुलं आहे आणि मालकाला बंद.

पाचवी आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर: पैशाची आणि ‘पूर्ण व अंतिम’ या शब्दांची. मार्शल बेटांशी झालेल्या १९८६ च्या करारातल्या १७७ व्या कलमाने तुम्ही पंधरा कोटी डॉलरचा निधी दिलात आणि त्या बदल्यात सगळे दावे पूर्ण व अंतिम मिटले असं लिहून घेतलंत. तुमच्या न्यायालयांचे दरवाजे त्याने बंद झाले. दाव्यांचा निवाडा करायला एक न्यायाधिकरण नेमलं गेलं. त्याने नीट काम केलं, पुरावे ऐकले आणि मार्च २००१ मध्ये बिकिनीच्या लोकांना ५६ कोटी ३३ लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. त्यातला अर्धा टक्काही त्यांच्या हाती आला नाही, कारण तिजोरीत पैसेच नव्हते. ते तुमच्या न्यायालयात गेले, आणि २०१० साली तुमच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. ज्यांना वैयक्तिक आजारांसाठी रक्कम मंजूर झाली होती, त्यांतले कितीतरी जण पूर्ण रक्कम मिळण्याआधी वारले.

तुम्ही काहीच दिलं नाही असं मी म्हणत नाही. पुनर्वसनाचा वेगळा निधी तुम्ही दिला होता, तोही लहान नव्हता. पण २०१७ साली तुमच्या अंतर्गत व्यवहार खात्याने (डिपार्टमेंट ऑफ द इंटिरियर) त्यावरची देखरेख सोडून दिली. तेव्हा त्यात जवळजवळ सहा कोटी डॉलर होते. २०२३ पर्यंत एक लाखाच्या आसपास उरले. खर्च स्थानिक परिषदेने केला, हे खरं. तिला त्याचा जाब तिच्याच लोकांनी विचारावा. पण त्यासाठी आता ज्या म्हाताऱ्यांना दरमहा मिळणारे थोडे पैसेही बंद झाले आहेत, त्यांना बिकिनीवरून कोणी उठवलं होतं, हे विसरून चालणार नाही.

२०२४ च्या नव्या करारात तुम्ही मार्शल बेटांना वीस वर्षांसाठी मोठी मदत मंजूर केलीत. मदत आणि भरपाई यांत फरक आहे. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, भरपाई घेणाऱ्याच्या हक्काची. ते ‘पूर्ण व अंतिम’ अजून जिथल्या तिथे आहे.

आणि तुमच्याच भरपाई कायद्यातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. प्रशांत महासागरातल्या चाचण्यांवर हजर असलेल्या तुमच्या नौसैनिकाला त्या कायद्याने हक्क आहे. असायलाच हवा, तोही माझ्यासारखाच डेकवरचा माणूस होता. पण ज्याच्या घरावर तो बॉम्ब पडला, त्याला नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

न्यायाधिकरणाने बिकिनी, एनेवेटाक, रोंगेलाप आणि उट्रिकच्या लोकांना ठरवून दिलेली भरपाई काँग्रेसने मंजूर करून चुकती करावी, आजवरच्या व्याजासह.

किरणोत्सर्ग-भरपाईच्या कायद्यात, किंवा त्याच तोडीच्या वेगळ्या कायद्यात, मार्शल बेटांच्या लोकांचा समावेश करावा. फक्त चार प्रवाळद्वीपांपुरता तो ठेवू नये, कारण राख चार बेटांवर थांबली नव्हती. मार्शलमधल्या कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी मनिला किंवा होनोलुलू गाठावं लागतं. ही सोय माजुरोत उभी करून द्यावी. तुमच्या अर्कान्सास राज्यातल्या स्प्रिंगडेलमध्ये मार्शली लोकांची मोठी वस्ती आहे. ते तुमचे शेजारी आहेत, तुमच्या कारखान्यांत काम करतात. त्यांना आधी विचारा.

चाचण्यांची आणि वैद्यकीय नोंदींची जी कागदपत्रं अजून बंद आहेत ती उघडावीत, मार्शली भाषेत भाषांतरासह द्यावीत. ज्याच्या रक्ताचे नमुने घेतले त्याच्या नातवंडांना त्यात काय सापडलं ते वाचता आलं पाहिजे.

बिकिनीची जमीन पोटॅशने सुधारायची, वरची माती काढायची, की आणखी काही करायचं, याचा निर्णय बिकिनीच्या लोकांवर सोपवावा आणि खर्च तुम्ही द्यावा. परत जायचं की नाही, हेही त्यांनीच ठरवावं.

आणि माफी मागावी. आजवर तुमच्या सरकारने औपचारिक माफी मागितलेली नाही. ती वॉशिंग्टनमधून पत्रक काढून मागू नये. १९४६ मध्ये तुमचा अधिकारी त्यांच्या बेटावर जाऊन, त्यांच्या प्रार्थनेनंतर, त्यांच्यासमोर उभा राहिला होता. माफीही तशीच, किलीवर आणि एजिटवर जाऊन, रविवारी प्रार्थना संपल्यावर, त्यांच्या भाषेत मागावी.

मी निवृत्त आहे. माझ्या जागी आमच्याच वाडीतला एक मुलगा आता अशाच एका जहाजावर बोसन आहे. गेल्या आठवड्यात त्याने फोनवर फोटो पाठवला: फळीवर बसून तो ‘जे’ची शेपटी खरवडतो आहे. हे पत्र मी त्याला पाठवलं आहे, आणि त्याच्या जहाजावरच्या सगळ्यांना वाचून दाखवायला सांगितलं आहे.

तुमच्या उत्तराची वाट पाहत आहे.

आपला,
एक निवृत्त बोसन
दाभोळ, जिल्हा रत्नागिरी